रस्ता तोच, सायकल तीच, मग नाव कशाला घालायचं?

कोरेगावच्या एका शिक्षिका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांचं वय ४१. दीड वर्षापासून त्या पहाटे एकट्याच रहिमतपूर रस्त्याला २५-३० किलोमीटर सायकल चालवतात. जानेवारीत सातारा, वाई, पाचगणी, महाबळेश्वर, मेढा आणि परत सातारा अशी सुमारे १२० किलोमीटरची सामूहिक राइड आहे आणि मैत्रीण नाव घाल म्हणून मागे लागली आहे. घरचे म्हणतात, रस्ता तोच, सायकल तीच, नंबर काही येणार नाही, मग दीड हजार रुपये भरून मिळणार काय? ताई लिहितात, "मलाही त्यांना नीट उत्तर देता येत नाही. तुम्ही इतकी वर्षं जाताय, खरं सांगा, काय मिळतं?"

ताई, घरचे म्हणतात त्यातलं काहीच खोटं नाही. रस्ता तोच आहे आणि कुठल्याही रविवारी फुकट चालवता येतो. नंबर माझाही बारा वर्षांत कधी आला नाही. मेडलं मिळाली, ती कपाटाच्या आतल्या खिळ्याला आहेत आणि दिवाळीच्या साफसफाईशिवाय हातात येत नाहीत. टी-शर्ट तर सगळेच देतात. तेव्हा नेमकं काय मिळतं, हे मला या वस्तूंपलीकडे जाऊनच सांगावं लागेल.

माझ्या मते मुख्य मिळतं ते हे: एकटीनं चालवताना आपल्या कष्टाचं माप आपल्याजवळ नसतं. दम लागला की आपण समजतो, आपणच कमी पडतोय. पाय जड झाले की वाटतं, वय झालं. सोबत कुणी नसलं की तुलना फक्त स्वतःच्या शंकेशी होते, आणि शंका कधी हरत नाही. पाचशे माणसं एकाच घाटात, एकाच सकाळी, तोच चढ चढताना बघितली की ते माप पहिल्यांदा हातात येतं. हे वाचून पटणार नाही, मलाही आधी पटलं नव्हतं. म्हणून जरा बैजवार सांगते.

पहिली मिळकत राइडच्या दिवसाच्या फार आधीच सुरू होते, आणि ती घरातच होते. तुम्ही आत्ता पहाटे निघता तेव्हा घरात काय म्हणतात? "फिरायला गेलीय." बरोबर? नाव घातलं की तोच शब्द बदलतो. "तिचा सराव आहे." मी हे स्वतःच्या घरात ऐकलंय आणि माझ्याबरोबर शिकलेल्या जवळजवळ प्रत्येक बाईनं सांगितलंय. फिरायला जाणाऱ्या बाईला सांगता येतं, आज पाहुणे यायचेत, राहू दे. सरावाला असं सहज म्हणता येत नाही, कारण समोर तारीख असते. दीड हजार रुपये भरलेले असतात, हेही इथं उपयोगाला येतं! माझ्या घरी पहिल्या वर्षी चौदा रविवार सकाळचा चहा मिस्टरांनी केला. आधीच्या अठरा वर्षांत त्यांनी तो केला नव्हता असं नाही, पण तो मी आजारी असताना. मी धडधाकट असताना, माझ्या स्वतःच्या एका कामासाठी, घरानं आपली घडी बदलली, हे पहिल्यांदा झालं. त्या राइडचं पुढं काहीही झालं असतं तरी हे माझ्याकडे राहिलंच असतं.

आणि तारखेचा शरीरावरही परिणाम होतो. तारीख नसते तेव्हा आपण रोज तेच अंतर, त्याच वेगानं चालवतो. शरीर त्याला सरावतं आणि तिथंच थांबतं. १२० किलोमीटर समोर दिसले की रविवारची लांब फेरी ४० वरून ५०, ६०, ७५ अशी वाढवावीच लागते. आठवड्यातून एकदा यवतेश्वरचा घाट चढावाच लागतो. साताऱ्यात राहणाऱ्याला याहून चांगली शाळा नाही. समर्थ मंदिराकडून वर निघालं की थोड्याच वेळात गाव खाली राहतं आणि अजिंक्यतारा डोळ्यांच्या रांगेत येतो. पावसाळा संपताना याच रस्त्याला कास पठाराकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते, तेवढे आठवडे मात्र तिकडे जाऊ नका, किंवा उजाडायच्या आत उतरून या. कास २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून फुलांच्या दिवसांत तिथं सायकलला जागाच राहत नाही.

आता राइडच्या दिवसाकडे येते. इथं रस्त्याचे दोन अगदी वेगळे भाग आहेत आणि दोन्ही वेगळं काही देतात. साताऱ्याहून लिंब खिंड, आनेवाडी, पाचवड आणि तिथून वाई, हा पहिला भाग. चढउतार आहेत, पण घाट नाही. इथं तुमचा खरा विरोधक असतो वारा. सायकलचा वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो तोडायला लागणारी ताकद आठपट. ताशी १५ ला हवा जाणवत नाही, ताशी ३० ला पायांतली बहुतेक ताकद हवेतच जाते. पण पुढच्या सायकलच्या मागे नीट राहिलं, तर याच वेगाला साधारण पाव ते तिसरा हिस्सा ताकद वाचते. याला ड्राफ्टिंग म्हणतात, आपले लोक 'चाक धरणं' म्हणतात.

मी पहिल्यांदा एका अनोळखी माणसाचं चाक धरलं तेव्हा मला चोरी केल्यासारखं वाटलं. मी घरातली थोरली मुलगी. कुणाचं उसनं ठेवायचं नाही या शिकवणीत वाढलेली. नोकरी बँकेत, तिथंही दुसऱ्याचं काम अंगावर घ्यायची सवय, आपलं दुसऱ्यावर टाकायची नाही. आणि इथं मी एका माणसाच्या पाठीमागे बसून त्याच्या कष्टावर आनेवाडीपर्यंत आले होते. मला त्याचं नावही माहीत नव्हतं. मग त्यांनी उजवं कोपर हलकं बाहेर झटकलं. ही खूण मला शिकवली होती, म्हणून कळली: आता तू पुढे ये. ते बाजूला सरकले, मी पुढे आले आणि वारा एकदम छातीवर आला. काही वेळानं मागून टिकटिक ऐकू यायला लागली. ती कसली, हे सांगते. मागच्या माणसाला कमी ताकद लागते, म्हणून तो मधूनमधून पाय थांबवतो आणि त्याचं फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबले तरी मागचं चाक फिरू देणारी चकती, वाजतं. मागून टिकटिक येतेय याचा अर्थ तुमच्या आडोशाला कुणीतरी विसावा घेतोय. त्या दिवशी माझ्या मागे तीन-चार फ्रीव्हीलं वाजत होती. माझ्या! मी त्या वेळी ५८ किलोची, सायकल शिकून जेमतेम दोन वर्षं झालेली बाई. माझ्या पाठीचाही कुणाला आडोसा होऊ शकतो, हे मला त्याआधी कुणी सांगितलं असतं तर मी मान्य केलं नसतं.

घेणं आणि देणं इतकं लगोलग, इतकं बिनबोभाट मला आयुष्यात दुसरीकडे कुठं अनुभवायला मिळालेलं नाही. पुढे आईच्या आजारपणात शेजारणीनं तीन आठवडे डबा दिला तेव्हा तो मी अवघडून न जाता घेतला. पूर्वीची मी तो घेतला नसता. हा बदल सायकलमुळंच झाला असं शपथेवर सांगता येणार नाही, पण मला मनातून तसंच वाटतं.

मग वाई येते. गणपतीच्या देवळाला लांबून हात जोडायचे, आणि पसरणीचा घाट सुरू. वाई सव्वासातशे मीटरच्या आसपास, पाचगणी तेराशेच्या जवळ. बारा-तेरा किलोमीटरमध्ये पावणेसहाशे मीटर वर जायचं, म्हणजे चढ सरासरी पाच टक्क्यांच्या आत-बाहेर. आकड्यात फार भयंकर नाही. पण हिशेब बघा. तुम्ही, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून ७५ किलो धरले, तर एवढं वजन एवढं वर न्यायला सव्वाचारशे किलोज्यूल काम होतं. आपलं शरीर खाल्लेल्या अन्नातला पाव हिस्साच चाकापर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होते. म्हणून ढोबळ हिशेबात एका किलोज्यूल कामामागे एक किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे नुसतं वर चढायला तीन-साडेतीन ज्वारीच्या भाकरी. आणि इथं कुणाचं चाक धरून उपयोग नाही, कारण ताशी आठ-नऊच्या वेगाला हवा अडवतच नाही, अडवतं ते वजन. तुमचं वजन तुम्हालाच वर न्यायचं आहे.

म्हणून घाटात शिरलं की घोळका आपोआप सुटतो. गप्पा बंद होतात. पहिल्या दोन-तीन वळणांनंतर ऐकू येतो तो फक्त श्वास, आपला आणि शेजारच्याचा. खाली धोम धरणाचं पाणी दिसायला लागतं. पहिल्या वर्षी तिथं मी जे पाहिलं ते सांगते. दहा-दहा हजार किलोमीटर वर्षाला चालवणारी पोरं, महागड्या कार्बनच्या सायकली, पिळदार पोटऱ्या, तोंड उघडं टाकून माझ्यासारखाच श्वास घेत होती. त्यांचा वेग माझ्या दीडपट असेल, पण त्रास माझ्याएवढाच होता. मी एकटी यवतेश्वर चढायचे तेव्हा दर वेळी वाटायचं, मला एवढा दम लागतो म्हणजे माझ्यात काहीतरी उणं आहे. पसरणीत मला कळलं, घाट सगळ्यांनाच लागतो. जो जास्त जोर लावू शकतो तो जास्त वेगानं जातो, त्याचा त्रास काही कमी होत नाही. माझ्यात उणं काही नव्हतं. मी चढ चढत होते, एवढंच. ताई, हे कळायला मला दीड हजार नव्हे, त्याच्या दसपट पैसे पडले असते तरी मी दिले असते.

आणखी एक दिसतं. घाटात शरीराच्या ठेवणीवरून काही सांगता येत नाही. वाईपर्यंत जोरात आलेले कितीतरी जण मधल्या वळणावर सायकल हातात धरून चालत असतात, आणि एखाद्या साठीच्या काकू, लहानातला लहान गिअर टाकून, एका लयीत, कुणाकडे न बघता त्यांच्या पुढे निघून जातात. आपली चाल ओळखणं म्हणजे काय, हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही, अशा एका काकूंच्या मागे अर्धा तास राहून शिकले. त्यांचं पुढचं सगळ्यात लहान आणि मागचं सगळ्यात मोठं चक्र पहिल्या वळणाआधीच लागलेलं होतं. आपण बायका तो गिअर शेवटच्या गरजेसाठी राखून ठेवतो, जसं साखरेच्या डब्यात पैसे ठेवतो तसं. ठेवू नका. तो घाटासाठीच दिलेला आहे.

आता माझ्या पहिल्या राइडचं पुढं काय झालं तेही सांगायला हवं, नाहीतर चित्र अर्धवट राहील. मी ती पूर्ण केली नाही. पाचगणीला पोचले, इतका आनंद झाला की पाणी-केंद्रावर थांबलेच नाही. सकाळपासून एक केळं आणि चहा यावर होते. जोर लावून चालवलं तर स्नायूंतला साखरेचा साठा दीड-दोन तासांत आटत जातो, आणि मी तीन तासांच्या वर सायकलवर होते. महाबळेश्वरला जाताना एकदम हातपाय गार पडले, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि कारण नसताना रडू यायला लागलं. सायकल आडवी टाकून झाडाखाली बसले. तेवढ्यात फलटणकडचे एक गृहस्थ, साठीच्या पुढचे, थांबले. खिशातून गूळ-शेंगदाण्याची पुडी काढली आणि म्हणाले, "बोलू नका, आधी खा." वीस मिनिटं ते माझ्याजवळ बसून राहिले. त्यांनाही वेळेची मर्यादा होतीच. मी दोनदा सांगितलं, तुम्ही जा. ते म्हणाले, "गाडी येईस्तोवर कुठं जात नाही." सगळ्यांच्या मागून येणारी गाडी आली, मी माझी सायकल तिच्यात चढवली आणि मगच ते निघाले.

त्या गाडीत बसून केळघरचा घाट उतरताना मला फार वाईट वाटलं होतं. आज वळून बघते तेव्हा वाटतं, पूर्ण केलेल्या सगळ्या राइडींपेक्षा त्या अपुऱ्या राइडनं मला जास्त दिलं. खाण्याचं शास्त्र मी त्यानंतर शिकले: भूक लागायच्या आधी, पहिल्या अर्ध्या-पाऊण तासापासून, दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. राजगिऱ्याचा लाडू, खजूर, चिक्की, गूळ, जे रोज पचतं तेच. पाणी तासाला अर्धा लिटरच्या आसपास, त्यात मीठ-साखर. आणि दुसरं असं की, आता माझ्या जर्सीच्या मागच्या खिशात माझ्या गरजेपेक्षा एक पुडी जास्त असते. चार वर्षांपूर्वी ती तापोळा फाट्याच्या अलीकडे कॉलेजातल्या एका मुलीला लागली. तीही रडत होती. मीही तिला म्हणाले, आधी खा.

महाबळेश्वरहून मेढ्याला उतरतानाचं सुख वेगळं सांगायला नको, पण सावध करते. या उतारावर सहाशे मीटरहून जास्त खाली यायचं असतं. आपल्याकडच्या बहुतेक राइडींमध्ये रस्ता वाहनांना बंद नसतो, समोरून एसटी येतेच. दोन्ही ब्रेक वळणाच्या आधी लावायचे, वळणात नाही, आणि हात आखडून धरायचे नाहीत. चढावर माझ्यापुढे गेलेल्यांना उतारावर गाठायचा मोह मी कायम टाळलाय, तुम्हीही टाळा.

मेढ्यानंतर कण्हेर धरणाच्या पाण्याकडेनं साताऱ्याकडे यायचं. हे शेवटचे वीस-पंचवीस किलोमीटर माझे सगळ्यात आवडते. पाय दमलेले असतात, पण घाई नसते. आणि इथं रस्त्याकडेला माणसं भेटतात. जानेवारीत ऊसतोडीचे दिवस. उसाच्या ट्रॉल्यांना वाट देत जावं लागतं आणि रस्त्यावर पडलेल्या उसावरून चाक घसरतं, हे खरं. पण एका वर्षी तोडणीवाल्या बायांचा घोळका फडाच्या कडेला उभा होता, डोक्याला फडकी बांधलेली, हातात कोयते. एकजण ओरडली, "बाई हाय गं!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसभर जे काम करतात त्यापुढे माझे १२० किलोमीटर काही नाहीत, हे मला त्या क्षणीही कळत होतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या त्या माझ्या वेगाला नव्हत्या. तुम्ही एकट्या रहिमतपूर रस्त्याला जाता तेव्हा लोक बघतात, पण ते बघणं कसं असतं हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. छातीवर नंबर असला की त्याच नजरेत प्रश्न उरत नाही. नंबरात काही जादू नसते, पण 'ही कुठं चाललीय' याचं उत्तर त्यावर लिहिलेलं असतं. त्यानंतर काही वर्षांनी नंबर नसतानाही मला त्या नजरेचा त्रास होईनासा झाला.

तुमच्या घरच्यांना एक गोष्ट विचारून बघा. पंढरपूरला एसटी जाते, तरी माणसं लोणंद, तरडगाव, फलटण करत चालत का जातात? ही तुलना मी जपून करते. वारीत भक्ती आहे, आपल्या राइडमध्ये ती नाही, आणि दोन्ही एका तोलाच्या नाहीत. पण एकट्यानं केलेली वाट आणि अनेकांबरोबर केलेली वाट वेगळी असते, हे सातारा जिल्ह्यातल्या माणसाला मुळापासून समजावून द्यावं लागू नये.

जगात ही रीत जुनी आहे. स्वीडनमध्ये व्हेटर्न नावाच्या मोठ्या सरोवराला वळसा घालून तीनशेहून अधिक किलोमीटरची राइड १९६६ पासून होते, जूनमधल्या उजेडी रात्री हजारो सामान्य माणसं तिथं सायकल चालवतात. केपटाऊनची राइड १९७८ पासून आहे. फ्रान्समध्ये १९९३ पासून टूर द फ्रान्सच्या एका टप्प्यावर, व्यावसायिक खेळाडू जिथून जातात त्याच डोंगरातून, तुमच्या-माझ्यासारख्यांना सोडतात. आणि फ्रेंचांचीच ब्रेव्हे पद्धत तर मला मनापासून पटते: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस, ६०० चाळीस तासांत. वेळेत पोचला तो पोचला. पहिला-दुसरा क्रमांकच नाही. पुण्याहून निघणाऱ्या कितीतरी ब्रेव्हे साताऱ्यावरून जातात. रात्री महामार्गावर रिफ्लेक्टरचे पट्टे घातलेले सायकलवाले दिसतात ना, ते तेच. 'नंबर येणार नाही' हा आक्षेप तिथं निघतच नाही.

काय मिळत नाही, तेही सांगते, म्हणजे नंतर माझ्यावर राग नको. वजन एका राइडनं उतरत नाही, उलट पुढचा आठवडाभर भूक खवळते. राइडनंतर चार-पाच दिवस मन रिकामं होतं, घरात चिडचिड होते, याची घरच्यांना आधीच कल्पना द्या. काही ठिकाणी व्यवस्था चांगली नसते. एका राइडला शेवटच्या दोन केंद्रांवर पाणीच संपलं होतं, आणि ज्यांना त्याची सर्वात जास्त गरज होती ते मागचेच लोक तहानलेले राहिले. याचा मला अजून राग आहे. म्हणून पैसे भरण्याआधी आयोजकांना फोन करून तीन गोष्टी विचारा: शेवटचा माणूस येईपर्यंत केंद्रं चालू असतात का, रुग्णवाहिका किती आणि कुठं, आणि बायकांसाठी स्वच्छतागृहं नेमकी कोणत्या गावांत. तिसऱ्या प्रश्नाला समोरचा अडखळला तर समजा, त्यांनी बायका येतील असं धरलेलंच नाही. अशा ठिकाणी मी जात नाही. आणि स्वच्छतागृह नाही म्हणून पाणीच प्यायचं नाही, हा उपाय आपण लहानपणापासून करत आलोय, तो इथं अजिबात करायचा नाही.

तयारीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. चाळिशी उलटली आहे, तेव्हा आधी डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर आणि ईसीजी बघून घ्या. आजपासून जानेवारीपर्यंत हाताशी चौदा-पंधरा आठवडे आहेत, तेवढे पुरतात. १२० साठी सरावात १२० करावे लागत नाहीत, घाटासह ८५-९० एकदा झाले की बस्स. शेवटचा आठवडा हलका ठेवायचा. पॅडेड शॉर्ट घ्याच, संकोच वाटला तर वरून सैल ट्रॅक पँट घाला, मी पहिली दोन वर्षं तशीच गेले. नवीन शॉर्ट, नवीन बूट, नवीन सीट, यातलं काहीही राइडच्या दिवशी पहिल्यांदा वापरायचं नाही.

एक गोष्ट मात्र एकटीनं शिकता येत नाही, ती म्हणजे घोळक्यात चालवणं. पुढच्याच्या चाकाच्या बाजूला आपलं चाक अडकवायचं नाही, तो जरा जरी सरकला तरी पडते ती मागची. अचानक ब्रेक नाही. खड्डा दिसला तर हातानं दाखवायचा आणि तोंडानं ओरडायचं, थांबायचं असेल तर आधी सांगायचं, ओलांडताना 'उजवीकडून येतेय' म्हणायचं. सुरुवातीला एका सायकलीएवढं अंतर ठेवा, तेवढ्यातही वाऱ्याचा आडोसा मिळतो. दोन-तीन रविवार चार जणींबरोबर केलं की भीती जाते.

तेव्हा नाव घालायच्या आधी एक रविवार आमच्याबरोबर या. आम्ही सहा-सात जणी पहाटे साडेपाचला पोवई नाक्यावरून निघतो, लिंब खिंडीतून पाचवडपर्यंत आणि परत, घाट नाही. मागचा लाल दिवा, हेल्मेट, एक जादा ट्यूब आणि दोन केळी आणा. पहिली पाच मिनिटं मी पुढे राहीन, तुम्ही माझं चाक धरा. मग कोपर झटकेन, तेव्हा पुढे या. आणि मिस्टरांनाही सांगा, राइडच्या दिवशी मेढ्याच्या पाणी-केंद्रावर माणसं कमी पडतात. माझ्या घरचे पाचव्या वर्षापासून तिथं लिंबू-पाण्याचं पिंप घेऊन उभे असतात, त्यांच्या जोडीला एक जण हवाच आहे.